चंचीतली तंबाखू आणि जिनिव्हाचा करार



‘परदेशी मदत’ म्हटलं की आपण एक तर संशय घेतो, नाही तर हात जोडतो. तंबाखूविरोधी कामात यातलं काहीच करायची गरज नाही. इथे आपण घेतलं, तसं भरपूर दिलंही आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. कोपनहेगनचे मुखरोगतज्ज्ञ पिंडबोर्ग त्यात सहभागी होते. निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकी अर्थसाहाय्यावर केरळ, आंध्र आणि गुजरातमध्ये तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ३६ हजार लोकांवर प्रयोग झाला. समोर बसून समजावलं, तर माणसं तंबाखू सोडतात आणि तोंडातले पांढरे चट्टे घटतात, हे त्यातून दिसलं. १९८५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूच्या विड्याला कर्करोगकारक ठरवलं, तेव्हा भारतातला असा अभ्यास हाताशी होता.

आता घेतलेल्याचा हिशेब. मे २००३ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने तंबाखू नियंत्रणाचा करार स्वीकारला. फेब्रुवारी २००४ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. आपला कायदाही २००३चाच. एप्रिल २०१६पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. अनेक देशांत एकाच पद्धतीने होणाऱ्या सर्वेक्षणामुळे आपल्याला मोजमापही मिळालं: महाराष्ट्रात तंबाखू सेवन करणारे प्रौढ २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के.

पण या आकड्यांपाशी थांबून चालणार नाही. आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त. आणि मिस्री? ती घरात तव्यावर भाजली जाते. तिला ना पाकीट, ना इशाऱ्याचं चित्र. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचा तिच्याशी संबंधच नाही. जिनिव्हातलं कलम त्या चुलीपर्यंत पोचत नाही; तिथे आशाताई पोचते, बचत गटातली शेजारीण पोचते. समजावण्याने फरक पडतो, हा त्या ३६ हजारांचा धडा इथेच वापरायचा आहे.

दुसरी बाजू शेताची. कराडहून महामार्गाने खाली गेलं की निपाणी लागते. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी रस्ता अडवला, गोळीबारात शेतकरी मारले गेले. कराराचं १७वं कलम अशा शेतकऱ्यांना आणि विडी वळणाऱ्या बायांना पर्यायी उपजीविका देण्याविषयी बोलतं. ते कलम फारसं चर्चिलं जात नाही. पर्यायी पिकाला खात्रीचा भाव मिळाल्याशिवाय तंबाखू सोडा असं शेतकऱ्याला सांगणं, हा उपदेश आहे, धोरण नव्हे.

म्हणून जगाकडे पैसा मागण्याआधी आपला अजेंडा मांडूया: मिस्री आणि खाण्याच्या तंबाखूवर संशोधन, १७व्या कलमाची अंमलबजावणी. आणि शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू न देणं, हे काम ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने आजच हाती घ्यावं. त्यासाठी कोणत्याही परदेशी भागीदाराची वाट पाहायची गरज नाही.