बॅकअप आहे, पण चालतो का?

नागपुरातून बोलतोय. आज थोडी बायोलॉजी आहे, पण घाबरू नका. मी स्वतः बीटेकवाला, कोड लिहिणारा माणूस आहे.

जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं होतं, आठवतं? सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर तेच फोटो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं, की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा आहे. त्यावर वाचता वाचता मी भलत्याच गल्लीत शिरलो आणि तिथे दुसराच रंगीत जीव भेटला. ऱ्होडोबॅक्टर. तळ्याच्या चिखलात राहणारा जांभळा बॅक्टेरिया.

हा गडी दोन मोडमध्ये चालतो. ऑक्सिजन भरपूर असला की आपल्यासारखं श्वसन करतो. ऑक्सिजन कमी झाला की रंगद्रव्यं बनवायला लागतो आणि उजेड असेल तर त्यावर जगतो. दोन्ही मोडमध्ये इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवावे लागतात. ते काम करतं सायटोक्रोम सी-2 नावाचं एक छोटं प्रोटीन. त्याला डिलिव्हरी बॉय समजा. श्वसनात तो पार्सल नेतो ऑक्सिडेज या एन्झाइमकडे, तिथून इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतात. उजेडावर जगताना तेच पार्सल जातं रिॲक्शन सेंटरला, म्हणजे प्रकाशाने जिथला इलेक्ट्रॉन उडवला तिथे.

आता खरी गंमत. 1986 मध्ये ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलेटस या प्रजातीतून सी-2 चा जीन काढून टाकला, तरी ती उजेडावर वाढत राहिली! कारण तिच्याकडे दुसरा डिलिव्हरी बॉय होता, पेशीच्या पडद्याला बांधलेला सायटोक्रोम सी-वाय. मस्त बॅकअप.

मग तिची सख्खी बहीण, ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडिस. तिच्यातूनही सी-2 काढला. ऑक्सिजन होता तोवर सगळं ठीक. पण ऑक्सिजन काढून उजेडात ठेवली तर वाढच बंद! आणि सी-वाय तर तिच्याकडेही आहे. तो श्वसनात काम करतो, पण रिॲक्शन सेंटरला इलेक्ट्रॉन पोचवायचं त्याला जमत नाही.

हे वाचलं आणि मला माझी एक रात्र आठवली. आमच्या सिस्टिमला स्टँडबाय डेटाबेस होता. दर महिन्याला मीच तपासायचो. डेटा वाचता येतो? येतो. हिरवा टिक. एका रात्री अडीचला मुख्य डेटाबेस पडला, सगळा लोड स्टँडबायवर आला, आणि तेव्हा कळलं की त्यावर लिहायची परवानगीच दिलेली नव्हती. सकाळी सहापर्यंत ग्राहकांची एकही ऑर्डर नोंदली गेली नाही. चूक माझीच. मी बॅकअप तपासला होता, पण सोप्या मोडमध्ये.

म्हणून आता मी टीममध्ये "बॅकअप आहे का?" असं विचारतच नाही. "कोणत्या परिस्थितीत चालवून पाहिला?" असं विचारतो.

तुम्हीपण विचारा. घरच्या इन्व्हर्टरवर पंखा फिरतो, ठीक आहे. पण मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात लाइट गेली तर कूलर चालेल का? आजच एकदा मेन स्विच बंद करून बघा.

भेटू पुढच्या भागात!