यंदा कोणता वग?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनसवर किंवा किमान वेतनावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. आयुष्यभर मी तेच बोलत आलो आहे. आज मात्र मी तमाशावर बोलणार आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, काम संपल्यावर. त्यामुळे कलेवर अधिकारवाणीने बोलणे मला साधणार नाही. एका प्रेक्षकाने दिलेला कबुलीजबाब, एवढेच या भाषणाचे स्वरूप समजावे.

मार्गशीर्ष लागला की आपल्या जिल्ह्यात खंडोबाच्या माळेगावची चर्चा सुरू होते. कोणी घोडे पाहायला जातो, कोणी घोंगडी घ्यायला. पण हॉटेलात चहाच्या टेबलाभोवती जी माणसे जमतात त्यांचा प्रश्न निराळा असतो. यंदा कोणता फड येणार? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न, वग कोणता आणणार? एक म्हणतो, ऐतिहासिक आणतील, कारण नव्या तलवारी केल्याचे ऐकले. दुसरा म्हणतो, छे, सोंगाड्या फड सोडून गेला, आता विनोदी वग कसला? तिसऱ्याचा मेहुणा नारायणगावला जाऊन आलेला असतो, म्हणून त्याची बातमी पक्की! यात कोणालाच काही ठाऊक नसते. परंतु ज्या फडावर बापाने प्रेम केले त्याच्या नव्या वगाचा अंदाज मुलाने बांधावा, यात मोठा आनंद आहे, आणि तो मी पुष्कळ घेतलेला आहे.

वग म्हणजे काय, हे तरुण श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि लावण्या, आणि रात्र चढल्यावर शेवटी वग, म्हणजे रंगवून सांगितलेली कथा. उमाजी बापू सावळजकर यांचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात. तो १८६५ च्या सुमाराचा. पुढे पठ्ठे बापूरावांनी, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या ब्राह्मणाने, घरदार सोडून वग आणि लावण्या रचल्या. अण्णाभाऊ साठे हे मुंबईत गिरणीत राबलेले. त्यांनी याच वगात शेतकरी आणि कामगार उभा केला. तेव्हा कामगार चळवळीचा आणि वगाचा संबंध मी आज ओढूनताणून जोडतो आहे, असे कोणी समजू नये.

आता कबुलीजबाब. मी तेव्हा विशीत होतो, मोंढ्यात पोती वाहत होतो. आम्ही सात-आठ हमाल रेल्वेने नांदेडला आणि तेथून एस. टी.ने माळेगावला गेलो. एका जुन्या, नामांकित फडाचा नवा वग येणार, अशी महिनाभर हवा होती. मी तर नारळाची पैज लावली होती. तिकीट काढून कनातीत बसलो. गण झाला, गवळण झाली, आणि वग सुरू झाला तो तीन वर्षांपूर्वी पाहिलेलाच! आम्ही ओरडलो. ‘नवा लावा, नाहीतर पैसे परत द्या,’ असा गिल्ला केला. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. नायकाचे काम करणारे वृद्ध गृहस्थ हात जोडून उभे राहिले, आणि गलबला थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.

पहाटे मी पाणी शोधत कनातीमागे गेलो. त्या फडाचा म्हातारा ढोलकीवाला काटक्यांची शेकोटी करून ढोलकी शेकत होता. मी त्याला ताठ्यातच विचारले, नवा वग का नाही आणला? तो रागावला नाही. म्हणाला, “वग डोक्यात तयार हाय, लेकरा. पण तालमीला दोन महिने एका जागी बसावं लागतं. बसलो तर खायचं काय?”

मजुरीचा हिशेब मांडता येतो असा मला गर्व होता. पण हा हिशेब मी कधीच मांडला नव्हता. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच तेथे येऊन सुपारी देतात, तारखा ठरवतात. मग पावसाळ्याचे चार महिने कनात गुंडाळलेली. नवा वग बसतो तो याच महिन्यांत. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसे असतात, नाचणाऱ्या मुलींपासून तंबू ठोकणाऱ्या बिगाऱ्यापर्यंत. त्यांना धरून ठेवायचे तर मालकाने उचल द्यायची, आणि त्यासाठी स्वतः व्याजाने रक्कम काढायची. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बांधवांना उचल म्हणजे काय हे मी सांगायला नको. ज्या वर्षी सावकार हात आखडतो त्या वर्षी तालीम होत नाही. आणि आम्ही प्रेक्षक म्हणतो, फड म्हातारा झाला, आटला!

तुलनेसाठी परदेशातील एक गोष्ट सांगतो. माझ्या मुलाच्या पिढीतील पोरांकडून ती मी ऐकली आणि मग पडताळून पाहिली. इंग्लंडात रोलिंग स्टोन्स नावाचा गाणारा-वाजवणारा ताफा १९६२ पासून चालू आहे. २००५ साली त्यांनी आपल्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढचा तसा अल्बम २०२३ साली आला. मध्ये अठरा वर्षे गेली, २०२१ साली त्यांचा ढोलवादक चार्ली वॉट्स वारला, आणि जगभरचे चाहते अंदाज बांधत राहिले. आपल्या चहाच्या टेबलावर चालते तेच! माणूस सगळीकडे सारखाच. फरक एवढाच की जुन्या गाण्यांच्या उत्पन्नावर ते खुशाल अठरा वर्षे काढू शकतात. आमच्या ढोलकीवाल्याला एक पावसाळा निघत नव्हता.

आणि आपली मागणीही सरळ नसते. आपल्याला नवे हवे असते आणि जुनेही हवे असते. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांची ‘जहरी प्याला’मधील हवालदारांची जोडी अशी लोकप्रिय झाली की त्या दोघांकडे पाहताच लोकांना हवालदारच आठवत. कलावंताने जुने केले तर आपण म्हणतो शिळे, आणि नवे केले तर म्हणतो पूर्वीची मजा नाही. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ साली त्या वारल्या तेव्हा शेवटचे दिवस त्यांनी हलाखीत काढले होते. आज सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. सन्मान आपण उदारपणे देतो, मजुरी मात्र मोजून देतो.

२०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे ऐन चैत्रातल्या यात्रा बंद राहिल्या. दोन हंगाम बुडाले आणि कर्ज तेवढे उभे राहिले. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर घड्याळ पाहूनच खेळ करावा लागतो. नियमात तथ्य आहे. आजाऱ्याला झोप हवीच. पण वग शेवटी येतो आणि वेळ संपते ती नेमकी त्याचीच. सुरुवातीला सिनेमाच्या गाण्यांवर आपण शिट्ट्या मारून फर्माईश करत बसतो, आणि मग विचारतो, वग एवढा आखूड का?

तेव्हा अंदाज बांधणे सोडा, असे मी म्हणणार नाही. ज्या फडाविषयी कोणी अंदाज बांधत नाही तो फड मेला समजावा. माझे म्हणणे इतकेच की, ज्याच्या कामाची वाट पाहायची त्याच्या पोटाचीही चौकशी करावी. हमालाला १९६९ च्या माथाडी कायद्याने हक्क मिळाले, ते कोणी आपण होऊन दिले नाहीत. चळवळ झाली म्हणून मिळाले. तमाशा कलावंताच्या पावसाळ्याची तरतूदही मागितल्याशिवाय व्हायची नाही, आणि ती मागायला प्रेक्षक पुढे आला पाहिजे.

सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपण काय करू शकतो? आषाढात सहस्रकुंड पाहायला आपल्या गावी माणसे येतात. त्याच दिवसांत एखाद्या फडाला आपण येथे तालमीला बोलावू. एखादे सभागृह दोन महिने, घरटी पायलीभर ज्वारी, आणि ठरलेली रोख मजुरी. त्याच्या बदल्यात नव्या वगाचा पहिला प्रयोग इस्लापुरात. माझ्या युनियनच्या वतीने पहिले ज्वारीचे पोते मी आजच जाहीर करतो. ते उचलून आणायला हमाल शोधावा लागणार नाही.

तो ढोलकीवाला पुन्हा मला भेटला नाही. त्याच्या डोक्यात तयार असलेला वग कोणता होता, याचा अंदाज मी अजून बांधतो आहे. त्या रात्री मी ओरडलो नसतो तर निदान तेवढे त्याला विचारता आले असते.