सांडव्यातली पोती

आज आम्ही बोलणार आहोत गावाच्या वरच्या अंगाला असतो त्या माती बांधाविषयी. बांध हा काय बायांचा विषय, असं कुणी म्हणेल. पण आमचा बांध बायांनीच बांधलाय. १९७२ च्या दुष्काळात खायला सुकडी आणि डोक्यावर घमेलं, अशी त्याची माती आमच्या आजेसासवांनी वाहिली. त्यातल्या एक आजी अजून आहेत. त्या म्हणतात, "आम्ही टाकलं, तुम्ही नुसतं बघा तरी." आम्ही बघत नव्हतो, हे आधीच कबूल करतो.

आमचं गाव गर्भगिरीच्या पायथ्याशी. पाणी कमी, म्हणून बांध म्हटला की सगळ्यांच्या मनात साठाच येतो. पण डोंगरावर जोराचा पाऊस झाला की ओढा तासाभरात फुगतो, आणि ओढ्याच्या काठाला आमची खालची वस्ती आहे. त्या लोंढ्याचा जोर बांधावर मोडतो. म्हणजे एकच बांध दोन कामं करतो, आणि ती दोन्ही कामं एकमेकांशी भांडतात. साठ्याला बांध भरलेला हवा, पुराला रिकामा हवा.

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट कोरडा गेला. बांध भरला होता आणि सांडव्यातून थोडं पाणी वाहून चाललं होतं. ते बघून जीव तुटायचा. मग आम्हीच, गटातल्या बायांनी, मातीनं भरलेली पोती सांडव्यात रचली. दीड हात पाणी वाढलं. सगळ्यांनी कौतुक केलं, फोटोही काढले.

सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री डोंगरावर पाऊस कोसळला. बांधाजवळ राहणाऱ्या एका मावशींनी आरडाओरडा केला म्हणून जाग आली. बॅटरी घेऊन गेलो तर पाणी माथ्यापासून वीतभर खाली होतं. कोयत्यानं पोती फाडली, गड्यांनी दोर बांधून ओढली. पाणी एकदम सुटलं आणि सांडव्याखालच्या शेतातली कापणीला आलेली बाजरी घेऊन गेलं. ते शेत आमच्याच गटातल्या बाईचं. गटातून तिला कर्ज दिलं, पहिले काही महिने व्याज लावलं नाही. तरी ती अजून म्हणते, "बाजरी माझी गेली, फोटो तुमचे निघाले." खरंच आहे ते.

पाणी माथ्यावरून गेलं असतं तर काय झालं असतं, हे आम्हाला पुढं एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी बांधावर उभं राहून समजावलं. सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी पडलं तरी तो टिकतो, तो त्यासाठीच बांधलेला असतो. माती बांधाचं तसं नाही. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा आणि वर मुरुमाचं कवच. माथ्यावरून धार लागली की ती खालच्या उताराची माती खरवडत मागं मागं येते आणि थोड्या वेळात खिंडार पडतं. मग साठलेलं सगळं पाणी एकदम खाली येतं. म्हणजे बांध नसता तर आला असता त्यापेक्षा मोठा पूर. म्हणून सांडव्याचा उंबरा माथ्यापेक्षा खाली ठेवतात. दूध तापवताना आपण पातेलं काठोकाठ भरतो का? ती वरची रिकामी जागाच आम्ही पोती लावून खाल्ली होती.

दुसरा धोका आतून असतो. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ते मातीचंच. वीसच्या वर माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं. एका मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं. खेकड्याची, घुशीची बिळं असतात, ती बुजवायलाच हवीत, पण बिळं बघायची कुणी, हा खरा प्रश्न. धुणं धुवायला, शेळ्या घेऊन, सरपणाला त्या वाटेनं रोज आपणच जातो. बांधाच्या पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी झिरपत असेल तर त्यावर नजर ठेवा. ते वाढलं किंवा गढूळ झालं तर समजा, आतली माती वाहून चाललीय. त्याच दिवशी सरपंचांना सांगा.

गळका बांध सुधारतो, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत असाच एक पाझर तलाव पाणी धरत नव्हता. १९७५ नंतर अण्णा हजारेंबरोबर गावानं श्रमदान करून तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी आलं. हिवरे बाजारला गेलात तर नजर वर डोंगराकडं ठेवा. तिथं उतारावर चर खणले, झाडं लावली, मग खाली बांध. पाणी वरच अडलं की बांधावर सगळा भार एकदम येत नाही. आमच्या डोंगरावर चर आहेत, पण गाळानं भरलेत. ते काम अजून आमच्यानं झालेलं नाही.

आता आम्ही मे महिन्यात एक दिवस बांधावर जातो. सांडव्यातले दगड आणि झुडपं काढतो. बांधावर उगवलेली वेडी बाभूळ लहान असतानाच उपटतो, कारण मोठी झाली की तिची मुळं आत शिरतात आणि कुजली की पाण्याला वाट मिळते. हरळी मात्र ठेवतो, ती माती धरते. गाळ काढायला जेसीबी आला की आमच्यातली एक जण तिथं थांबते आणि बांधाच्या पायथ्याशी खोदू देत नाही. त्यावरून ट्रॅक्टरवाल्यांशी वाजतं, वाजू दे.

माथा एका जागी खचलाय. त्यासाठी एका कार्यालयात दोनदा अर्ज दिला, उत्तर आलं नाही. मग महिला ग्रामसभेत ठराव घेतला आणि त्याची प्रत पोच घेऊन ठेवली. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

सांडव्याच्या कडेच्या दगडावर आम्ही पांढऱ्या रंगाची रेघ मारलीय. पाणी रेघेला लागलं की त्या मावशी आम्हाला फोन करतात आणि आम्ही खालच्या वस्तीतल्या दहा घरांना उठवतो. मागच्या पावसाळ्यात दोनदा उठवलं. दोन्ही वेळा पाणी उंबऱ्याखालीच राहिलं, आणि सकाळी लोकांनी झोपमोड झाली म्हणून आम्हाला बोल लावले. यंदा रेघ पुन्हा रंगवायची आहे, पुसट झालीय.