अर्ध्या मिनिटाची चावी



चावीचा ग्रामोफोन आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. चावी द्यावी, तबकडी फिरावी, आणि कमान सैल पडली की गाणाऱ्याचा सूर घसरावा! आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे, त्याचाही जीव अशाच एका कमानीत होता. शिकागोच्या बेल अँड हॉवेल कंपनीने १९२५ च्या सुमारास काढलेला 'आयमो' हा तो चलच्चित्रांचा कॅमेरा.

त्याआधी बहुतेक कॅमेरे दांडा हाताने फिरवून चालवीत. एक हात दांड्यात गुंतलेला, म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवणे भाग असे. आयमोला चावी दिली की दोन्ही हात मोकळे. वीज नको, बॅटरी नको. वार्तापटवाल्यांनी तो उचलला आणि दुसऱ्या महायुद्धात तो सैनिकांबरोबर आघाडीवर गेला.

पण या स्वातंत्र्याला मर्यादा होती. आत शंभर फूट फिल्म मावे. सेकंदाला चोवीस चित्रे घेतली, तर ती एक मिनिट आणि सहासात सेकंदांत संपे. एका चावीवर तर सलग अर्धे मिनिटच चित्रण होई. म्हणजे समोर तोफा धडधडत असताना त्या माणसाने ठरवायचे की, माझे हे अर्धे मिनिट कशावर खर्च करू? यंत्र काटकसर शिकवीत होते. निवड मात्र माणसाचीच होती.

आणि निवड आली की सचोटीचा प्रश्न आला. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतील सान पिएत्रो या खेड्यासाठी घनघोर लढाई झाली. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या तुकडीने आयमो घेऊन तिच्यावर चित्रपट केला. तो १९४५ मध्ये लोकांपुढे आला. हलणारी, धक्के खाणारी ती दृश्ये पाहून प्रेक्षकांना वाटले, हे ऐन लढाईतले! नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले की, लढाईची बरीचशी दृश्ये लढाई संपल्यावर सैनिकांकडून पुन्हा करवून घेतलेली होती.

मग तो चित्रपट खोटा म्हणायचा काय? उद्ध्वस्त झालेले गाव खरे होते, मेलेली माणसे खरी होती. तरीही प्रेक्षकाला 'हे पुन्हा केलेले आहे' एवढे सांगावयास हवे होते, असे माझे मत आहे. कॅमेरा समोर आले तेच टिपतो. ते समोर कसे आले, हे तो सांगत नाही. ते सांगण्याची जबाबदारी चावी देणाऱ्याची.

आज खिशातल्या यंत्राने आपण तास न् तास चित्रे घेतो. कमान गेली, अर्ध्या मिनिटाचे बंधन गेले. परंतु चित्र पाहताना 'हे कोणी, केव्हा आणि कसे घेतले?' हा प्रश्न विचारण्याचे आपले कर्तव्य काही गेलेले नाही. तेवढा प्रश्न आपण येथून घरी घेऊन जावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.