उसने अक्षर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलायची मला सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. आज घरातलीच एक गोष्ट सांगते. सांगताना लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्याला शाळेतून 'आमचे गाव' हा प्रकल्प दिला होता. मुलाला चांगले गुण मिळावेत म्हणून मीच एका निबंधाच्या पुस्तकातून सगळे वहीत उतरवून दिले. बाईंनी वर्गात ते वाचायला लावले. "आमच्या गावाला नदी आहे, नदीकाठी उसाचे मळे आहेत." सारा वर्ग हसला. आपल्या करंजाला कुठली नदी आणि कुठला ऊस? आपल्याकडे खाडी, होड्या आणि द्रोणागिरीचा डोंगर! पोर त्या रात्री जेवले नाही. "आई, तूच लिहिलंस ना?" एवढेच म्हणाले. चूक माझी होती.

भगिनींनो, शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर आपण मागून आणतो आणि परत करतो. न विचारता आणली तर तिला चोरीच म्हणतात. दुसऱ्याच्या जाळ्यातली मासळी आपल्या टोपलीत घातलेली आपल्याला खपते का? मग दुसऱ्याचे लिहिणे मुलाच्या नावावर कसे खपावे?

हे दुखणे आजचे नाही. सालोमालो नावाचा कोणी तुकोबांचे अभंग आपल्या नावाने म्हणत असे, असे सांगतात. त्याबद्दलची चीड तुकोबांच्या अभंगांतच आहे. उलट एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, पण ग्रंथ ज्ञानदेवांचाच ठेवला. त्यात कोणी आपली ओवी घुसडू नये, अशी ताकीदही दिली. एवढा मोठा कवी, पण दुसऱ्याचे ते दुसऱ्याचेच मानले.

पुढच्या शिक्षणात तर याला शिक्षाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधात साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळला, तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. ही खोड लहानपणीच मोडलेली बरी.

मग करायचे काय? मुलाला आधी वाचू द्यावे. मग पुस्तक मिटून, काय समजले ते आपल्याला तोंडी सांगायला लावावे. जे सांगितले तेच त्याने लिहावे. एखादे वाक्य जसेच्या तसे हवेच असेल, तर ते अवतरणचिन्हांत घालून लिहिणाऱ्याचे नाव द्यावे. शेवटी कोणती पुस्तके पाहिली, कोणाला विचारले, ते लिहावे. हल्ली मोबाईलला विचारले की तो आख्खा निबंध लिहून देतो. तोही उसनाच.

आम्ही तो प्रकल्प पुन्हा केला. पोर आजोबांबरोबर बंदरावर गेले. डोलजाळे कसे लावतात, बोंबील कसे सुकवतात, रेवसची लाँच कुठून सुटते, ते पाहून आले. लिहिताना शुद्धलेखनाच्या चुका झाल्या. गुणही थोडे कमीच पडले. पण खाली त्याने स्वतःहून लिहिले, "ही माहिती माझ्या आजोबांनी सांगितली." ती ओळ वाचून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

त्या ओळीचे मोल मला त्या दिवशी कळले. तुम्हीही आपापल्या घरी मुलांना ती लिहायला शिकवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.