गाविलगडचे डोंगर आणि आपले पाणी

(चिखलदऱ्याच्या सहलीस निघालेल्या विद्यार्थ्यांसमोर व ग्रामस्थांसमोर तिवसा येथे एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



लवकरच आपण चिखलदऱ्यास निघणार आहात. वैराटचे शिखर चढावे, गाविलगडचा किल्ला पाहावा, पंचबोलच्या दरीत हाक घालून प्रतिध्वनी ऐकावा, असा आपला बेत आहे. तेथे मोझरी पॉइंट नावाचे स्थळ आहे. आपल्या तालुक्यातील मोझरीचे नाव डोंगरावर ऐकून आपणास निश्चितच आनंद होईल. परंतु नुसते पाहून परत येणे वेगळे आणि डोंगर समजून घेणे वेगळे. आपल्या वऱ्हाडाच्या पाण्याशी या डोंगराचे काय नाते आहे, एवढेच आज सांगण्याचा माझा विचार आहे.

दोन नद्यांमधील डोंगर

मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात मुलताई येथे तापी नदी उगम पावते. आपली वर्धा नदीही त्याच मुलताईच्या परिसरातून निघते. तापी पश्चिमेस वळून अरबी समुद्रास मिळते. वर्धा दक्षिणेस येऊन पुढे प्राणहितेतून गोदावरीस आणि अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. एकाच परिसरातील पावसाचे पाणी असे दोन समुद्रांत विभागले जाते.

सातपुड्याची जी रांग अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्व-पश्चिम पसरली आहे, तिला गाविलगडचे डोंगर म्हणतात. तिच्या उत्तरेस तापीचे खोरे, तर दक्षिणेस पूर्णेचे. सिपना, गाडगा, खापरा, डोलार या नद्या मेळघाटातून तापीकडे धावतात. चंद्रभागा, शहानूर, सापन या नद्या दक्षिणेकडील कडे उतरून पूर्णेस मिळतात. पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. म्हणजे या रांगेच्या दोन्ही उतारांवरचे पाणी दीर्घ प्रवास करून पुन्हा एकत्र येते.

आपण तिवस्याहून निघाल, तेव्हा वर्धेच्या खोऱ्यात असाल. मोझरी सोडून अमरावतीकडे जाताना एका सौम्य चढावावर हे खोरे संपते आणि पूर्णेचे खोरे सुरू होते. तेथे ना खिंड आहे, ना फलक. मोटारीत बसलेल्या प्रवाशास तो बदल जाणवतही नाही. आपण मात्र तो अवश्य ध्यानात घ्यावा.

दगडाची घडण

परतवाडा मागे टाकून धामणगाव गढीच्या पुढे घाट लागतो आणि रस्ता वळणे घेत मोथा गावाकडे चढतो. तिवस्याची भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच. चिखलदरा १,११८ मीटर, आणि वैराट त्याहूनही उंच, सुमारे १,१७८ मीटर. या उंचीमुळेच खाली उन्हाचा कडाका असता वर चार-पाच अंशांनी हवा थंड असते.

घाटातून कड्यांकडे पाहिल्यास पायऱ्यांसारखे थर दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. हाच आपला काळा पाषाण. पुढे या रांगेच्या दक्षिण पायथ्याशी भूकवच भंगले. भूवैज्ञानिक त्यास गाविलगडचा प्रस्तरभंग म्हणतात. उत्तरेची बाजू उंच राहिली, दक्षिणेची खचली. म्हणूनच मैदानातून पाहता हा डोंगर भिंतीसारखा उभा दिसतो. मोर्शी तालुक्यात सालबर्डी येथे काळ्या पाषाणाखालचे जुने वालुकाश्म उघडे पडले आहेत आणि त्या परिसरातील थरांत डायनासोरांचे अवशेषही सापडले आहेत.

खचलेल्या भागात नद्यांनी गाळ आणून भरला. पूर्णेच्या खोऱ्यात हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. त्यातील भूजल बहुतांशी खारे. तोच आपला खारपाणपट्टा. दर्यापूरकडील माणसाच्या पायाखाली पाणी आहे, पण ते पिता येत नाही. त्या भागातील गावांस पिण्याचे पाणी डोंगरातून आलेल्या शहानूर नदीवरील धरणातून द्यावे लागते. डोंगराचे मोल जाणून घ्यावयाचे असेल, तर ते त्या गावांतील गृहिणीस विचारावे.

रान आणि माणसे

मेळघाटचे रान सागाचे. त्यासोबत ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह, आवळा आणि बांबू. १९७४ साली येथे व्याघ्र प्रकल्प झाला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक होय. वाघाखेरीज गवा, अस्वल, सांबर, रानकुत्रा यांचे हे घर आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी शतकाहून अधिक काळ कोणास दिसला नव्हता. १९९७ साली तो शहाद्याजवळ सातपुड्यात पुन्हा आढळला आणि नंतर मेळघाटातही त्याचे वास्तव्य दिसून आले.

या डोंगरांत कोरकू बांधव राहतात. त्यांची भाषा मराठी वा हिंदीच्या कुळातील नसून मुंडा कुळातील आहे. गवळी समाजाची वस्तीही जुनी असून गाविलगडाचे नाव त्यांच्यावरूनच पडले असे मानतात. चिखलदऱ्यास कॉफीची झाडे दिसतील. महाराष्ट्रात हे दृश्य विरळाच.

किल्ल्याने शिकविलेला भूगोल

इंग्रज-मराठे युद्धात आर्थर वेलस्ली याच्या सैन्याने १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडला. दक्षिणेकडून सरळ कडा असल्याने तेथून किल्ला घेणे दुष्कर होते. उत्तरेस मात्र डोंगराची एक सोंड किल्ल्यास पठाराशी जोडते. स्टीव्हन्सनच्या सैन्याने मोठ्या कष्टाने डोंगरातून अवजड तोफा ओढत त्या बाजूस नेल्या आणि तटास खिंडार पाडले. भूगोल समजला म्हणून शत्रूला वाट सापडली.

त्याच किल्ल्यातील तळी जरूर पाहावीत. गडावर नदी नव्हती. जुन्या बांधकाऱ्यांनी पठारावरील पाऊस तळ्यांत अडविला आणि त्या बळावर शिबंदी राहिली.

पाऊस भरपूर, तरी तहान

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. मैदानात वर्षाकाठी सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिखलदऱ्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. असे असूनही चिखलदरा तालुक्यातील काही गावांस उन्हाळ्यात टँकरने पाणी पोहोचवावे लागते. ज्या डोंगराने खारपाणपट्ट्याची तहान भागवावी, त्याच्याच माथ्यावरील भगिनी चैत्र-वैशाखात हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात.

कारण त्या दगडातच आहे. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते भेगांत आणि थरांमधील सच्छिद्र पट्ट्यांतच साठते आणि झऱ्यांवाटे बाहेर येते. वर माती व झाडोरा असेल तर पावसाचा वेग मोडतो आणि पाणी त्या भेगांपर्यंत पोहोचते. माती वाहून गेली की पाऊस काही तासांत दरीत उतरतो. श्रावणात धबधबा गर्जतो आणि माघात झरा आटतो. पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्यात डोंगरावरून येणारे पाणी मुरते आणि खालच्या विहिरींना मिळते. वरचे रान विरळ झाले, तर तो पट्टाही उपाशी राहतो.

आपणास वाटेल, तिवस्याचा याच्याशी काय संबंध? आपल्या तालुक्यास ऊर्ध्व वर्धा प्रकल्पाच्या कालव्याचा लाभ मिळतो, अमरावती शहरही तेच पाणी पिते, आणि ती वर्धा सातपुड्यातूनच येते. उगमाकडील संत्र्याच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात विहिरी खोल गेल्या, बोअर त्याहून खोल गेले आणि भूजलाचा उपसा भरण्याहून अधिक झाला. खोरी दोन असली, तरी धडा एकच आहे.

चढताना हे करावे

वनखात्याच्या परवानगीवाचून रानात शिरू नये. पावसाळ्यात कड्याच्या काठाशी जाऊ नये. तेथील दगड सुटतो. प्लॅस्टिकचा एक तुकडाही मागे ठेवू नये. झरा दिसला तर तो कोणत्या थरातून निघतो ते वहीत टिपावे, आणि वाटेतील गावात थांबून उन्हाळ्यात पाणी कोठून आणता, हे कोरकू बांधवांस आदराने विचारावे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि श्रमदानाचा धडा गावोगाव दिला. सहलीहून परतल्यावर आपल्या गावच्या नाल्यावर एक दगडी बांध घालण्यास एक दिवस द्या. वैराटच्या माथ्यावर जे पाहाल, त्याचा उपयोग त्या नाल्यावर होईल.

आपला प्रवास सुखाचा होवो.