कर्जापायीं गेलेला मुलूख

धारूरहून माजलगांवकडे जाणाऱ्या वाटेवर बीड जिल्ह्यांतील तेलगांव लागतें. आज तेथें साखर कारखान्यामुळें उंसाच्या गाड्यांची वर्दळ असते. दोनशें वर्षांपूर्वीं हा सारा टापू निजामाच्या राज्यांत होता. सरकारी कर्ज ही राजधानींतील चोपड्यांची बाब, गांवच्या कुणब्याशीं तिचा संबंध काय, असें ज्यांस वाटतें त्यांनीं त्या राज्याची हकीकत ध्यानांत घ्यावी.

१८०० सालच्या तहानें निजामानें इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या खर्चासाठीं बल्लारी, कडप्पा हा मुलूख कायमचा तोडून दिला होता. तेवढ्यावर भागलें असतें तर पुढचें रामायण घडलें नसतें. परंतु रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या कारकीर्दींत, दिवाण चंदुलाल यांच्या संमतीनें, 'कंटिंजंट' नांवाची आणखी एक फौज उभी राहिली. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार मात्र निजामाच्या तिजोरींतून! हा खर्च सालिना सुमारें ४० लाखांवर गेला. तो भागविण्यास दिवाणांनीं विल्यम पामर यांच्या पेढीचा उंबरा गांठला. तेथील व्याज शेंकडा चोवीस-पंचवीस. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या घरीं वाढलेल्या मुलीचे पति या पेढीचे भागीदार होते, तेव्हां विचारणार कोण? अखेर पेढीचें देणें वारण्याकरितां, कंपनी सरकारकडून दरसाल येणाऱ्या सात लाखांच्या पेशकशीवर निजामाला पाणी सोडावें लागलें.

कर्जाचा हा भार शेवटीं उतरे तो रयतेवर. तालुक्यांचा वसूल मक्त्यानें दिला जाई, किंवा सावकारांकडे व अरब जमादारांकडे गहाण पडे. जो आगाऊ रक्कम जास्त भरील त्याच्या हातीं तालुका. आपला मक्ता कधीं मोडेल याचा नेम नसल्यानें मक्तेदार विहीर बांधीत नसे, कीं बैलाबियाण्यास तगाई देत नसे. हातीं लागेल तें उपटून घेई. १८१८ सालीं बीड भागांत धर्माजी प्रतापराव यांनीं बंड उभारलें, तें मोडण्यास रसेल यांनीं लेफ्टनंट सदरलंड यांच्याबरोबर घोडदळ धाडलें.

पगार थकला कीं कंपनी आपल्या खजिन्यांतून रक्कम देई आणि ती व्याजासह निजामाच्या नांवें लिही. असें होतां होतां लॉर्ड डलहौसी यांनीं तगादा लावला, आणि २१ मे १८५३ रोजीं नासिरुद्दौला यांस तहावर शिक्का करावा लागला. वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजी कारभाराखालीं गेले. शिकंदराबादच्या छावणींतील अबकारीचें उत्पन्न वर्षानुवर्षें कंपनीनेंच घेतलें, तें कर्जांतून वजा करा, असें निजाम सरकारचें म्हणणें होतें. तें कोणी ऐकलें नाहीं. पुढें रेसिडेंट डेव्हिडसन यांनींच लिहून ठेविलें कीं, दोन्ही बाजूंचे हिशेब निःपक्षपातानें पाहिले असते, तर १८५३ सालीं न्याय्य येणें कांहींच निघालें नसतें. वही एकाच्याच हातीं असली म्हणजे असें होतें.

तह करणारे दिवाण सिराजुल्मुल्क थोड्याच दिवसांत वारले. त्यांचे चोवीस वर्षांचे पुतणे सालारजंग गादीवर नव्हे, निखाऱ्यांवरच बसले म्हणावयाचें. त्यांनीं गहाण तालुके सोडविले, मक्ते मोडून पगारी अंमलदार नेमले, आणि १८६५ पासून जिल्हाबंदी केली. १८६० सालीं धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लाखांचें कर्जही माफ झालें. मात्र कापसाचा वऱ्हाड, ज्यासाठीं सालारजंग यांनीं आयुष्यभर अर्ज केले, तो सुटला नाहीं. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं सालिना २५ लाखांवर तो कायमच्या पट्ट्यानें घेतला.

कर्ज आजही सरकारें काढतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पांत महाराष्ट्रावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. आंकडा डोळे दिपविणारा खरा. पण माजलगांवजवळ सिंदफणेवर धरण झालें, त्याचें पाणी रानांत दिसतें. कंटिंजंटच्या चाळीस लाखांनीं तेलगांवच्या शिवारांत एक पाटही काढला नाहीं.

वऱ्हाड आणि बीड पुन्हां एका राज्यांत आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, त्या तहानंतर १०३ वर्षांनीं.